गजराबाईचा नवस

"रणपिसे सिस्टर, तुम्ही सिस्टरच राहा. मी पेशंटची बायको होते," असं म्हणून डॉ. शाल्मली गुर्जर स्टुलावर जाऊन बसल्या. पंजाबी ड्रेसला पदर कुठला, म्हणून त्यांनी ओढणीच डोक्यावरून घेतली. सगळा हॉल हसला.

मी हसले नाही. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला तीस माणसांपुढे नाटक करायला लावायचं आणि वर त्याला शिक्षण म्हणायचं, हे मला पटत नव्हतं. पण करते काय? नर्सची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते आणि त्यासाठी असल्या वर्गांना बसून तास भरावे लागतात. माझे सहा तास कमी पडत होते आणि मुदत महिनाअखेरीला संपत होती. वर्ग आमच्याच शुश्रूषागृहात, वरच्या मजल्यावरच्या जेवणाच्या हॉलमध्ये भरला होता. बाहेरगावच्या नर्स पहाटेच्या एसट्या पकडून आल्या होत्या. मला नुसता जिना चढायचा होता, त्यामुळे न येण्याला निमित्तही उरलं नव्हतं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी निवृत्त झाले, गुडघे बदलून घेतले. पण तो जानेवारीतला बुधवार मला तासातासानं आठवतो.

आमच्याकडे येणारा पेशंट बरा व्हायला येत नाही. मोठ्या दवाखान्यांनी 'आता घरी न्या' म्हणून सांगितलेली माणसं आमच्याकडे येतात, बहुतेक कॅन्सरची. त्यांचं दुखणं कमी करायचं, जखमा धुवायच्या, तोंड ओलं ठेवायचं आणि शेवटपर्यंत सोबत करायची, एवढंच आमचं काम. ते मी तेव्हा बावीस वर्षं करत होते. मॉर्फिनबरोबर जुलाबाचं औषध द्यायचं असतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण त्या दिवशीचा विषय औषधांचा नव्हता. विषय होता 'नातेवाइकांशी बोलणे'. म्हटलं, घ्या! आता बोलायलाही शिकवणार.

"शिस्टर, माझ्या मालकांचं कसं काय हाय ओ?" गुर्जर बाईंनी गावाकडची बोली काढली. ती काही त्यांना जमत नव्हती.

"नवीन औषध सुरू केलंय," मी म्हणाले. "आता त्यांना बरं वाटेल. काळजी करू नका."

"देव पावला बाई. मग घरी कधी सोडणार?"

"घरी सोडणार असं नाही. बरं वाटेल म्हटलं मी."

"तेच की. चांगलं बरं झाल्यावरच सोडा. आमाला घाई न्हाई."

हॉलमध्ये खसखस पिकली. माझी कानशिलं तापली. "मॅडम, तुम्ही मुद्दाम वाकडं ऐकताय," मी म्हणाले. "बरं वाटेल म्हणजे त्रास कमी होईल. बरे होतील असं मी म्हटलेलंच नाही. मराठी येणाऱ्या कुणालाही यातला फरक कळतो."

त्यांनी ओढणी खाली घेतली. "तुम्हाला कळतो, मला कळतो. ज्याचं माणूस कॉटवर पडलंय त्याला नाही कळत, सिस्टर. त्याला नुसतं 'बरं' ऐकू येतं."

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत मला परत सांगा.' नातेवाइकाला काही सांगून झालं की हे विचारायचं, रोज विचारायचं आणि प्रत्येकाला विचारायचं. सगळ्या जणींनी वहीत उतरवून घेतलं. मीही घेतलं, नाइलाजानं.

"सिस्टर, जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन एकाला तरी विचारून याल?" त्या मला म्हणाल्या. "पेशंट तुमचेच आहेत म्हणून तुम्हाला सांगते. काय उत्तर मिळालं ते दुपारी सगळ्यांना ऐकवा."

"विचारते की," मी म्हणाले. मनात म्हटलं, पोरी, तू पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होतीस तेव्हापासून मी माणसं पोचवतेय.

खाली येता येता मी गजराबाई मासाळला निवडलंसुद्धा. मुद्दाम निवडलं. बाई शहाणी होती, तिनं माझा मुद्दा सिद्ध केला असता.

तिचा नवरा सोपान मासाळ मेंढपाळ, साठीचा. कॅन्सर पाठीच्या मणक्यात उतरला होता. आठ दिवसांपूर्वी त्याला जीपमधून आणला तेव्हा त्याचं ओरडणं फाटकापर्यंत ऐकू येत होतं. बाकीच्या पेशंटांचे नातेवाईक कानात बोळे घालून बसले होते. गजराबाई रडत नव्हती. ती त्याची टाच हातात धरून कॉटच्या पायथ्याशी बसायची आणि तो तिला घालून पाडून बोलायचा, तेही ऐकून घ्यायची. तिसऱ्या दिवशी मॉर्फिनचं प्रमाण नेमकं बसलं. माणूस अकरा तास झोपला आणि उठल्यावर म्हणाला, "ताक मिळंल का?" तेव्हा मी गजराबाईला म्हटलं, "बघा, आता बरं वाटेल त्यांना." तिनं खिडकीकडे तोंड करून हात जोडले होते.

वॉर्डात गेले तर सोपानच्या कॉटजवळ कुणी नव्हतं. त्याच्याकडे पाहिलं आणि मी पुढचं सगळं विसरले. श्वास घेता घेता मध्येच थांबत होता, मी मनात आकडे मोजले, बारापर्यंत गेले, मग पुन्हा एक मोठा श्वास आला. चादर वर केली. गुडघ्यांवर जांभळट जाळी उठली होती, पावलं गार होती. चेहरा मात्र शांत होता, कपाळावर एक आठी नव्हती. सकाळी नऊपासून मी वर होते, त्या चार तासांत माणूस पार उतरणीला लागला होता.

"शेवंता, यांची बायको कुठाय?"

वॉर्डातली मावशी शेवंता फरशी पुसत होती. "गजराबाई व्हय? ती गेली की सिदोबाच्या डोंगराला, नवस फेडायला. उद्या सकाळच्या गाडीनं येते म्हनली."

"नवस? कसला नवस?"

"नवऱ्याला बरं वाटलं न्हवं? तुमीच म्हनला म्हनं." शेवंतानं फडकं पिळलं. "लई खुशीत हुती. नारळ काय, खण काय, बांगड्या काय! दोनच्या गाडीला गेलीया, स्टँडावर आसंल आजून."

त्याच्या मुली लांब दिलेल्या, आत्ता निरोप धाडला तरी रात्रीशिवाय पोचणार नव्हत्या. गजराबाई उद्या सकाळी आली तरी तिला हा डोळे उघडून बघेल याची खात्री नव्हती. ज्या बाईनं आठ दिवस त्याच्या टाचेवरचा हात काढला नव्हता, ती बाई माझ्या दोन शब्दांवर विसंबून त्याला सोडून निघाली होती. गजराबाईकडे मोबाईल नव्हता.

मी वर धावले. गुर्जर बाई डबा खात होत्या. म्हटलं, "मॅडम, तुमचं उत्तर मिळालं. 'बरं वाटेल' ऐकून बाई नवस फेडायला निघालीय आणि नवरा आज-उद्याचा आहे. मी तिला आणायला चाललेय."

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "जा. लगेच जा."

"आणि माझे तास?"

"दुपारची सही नसेल तर मला प्रमाणपत्र नाही देता येणार, सिस्टर. खरं सांगते."

"ठेवा मग तुमचं प्रमाणपत्र," मी म्हणाले आणि जिना उतरले. रागच आला होता, पण तो त्यांचा होता की माझा, हे बघायला वेळ नव्हता.

स्टँड आमच्यापासून चालत दहा मिनिटं. स्कूटीनं तीन मिनिटांत पोचले. गजराबाई फलाटावर, भिंतीला टेकून बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मांडीवर गाठोडं, आणि पाय अनवाणी. मला बघून ती ताडकन उठली.

"काय झालं? वरडाय लागला का?"

"नाही, नाही. झोपलेत."

"मग?" ती पुन्हा खाली बसली. "तुमी हितं कशापायी?"

मी तिच्याशेजारी बसले. आता सांगायचं होतं. बावीस वर्षांत मी एकाही नातेवाइकाला 'मरण' हा शब्द उच्चारून सांगितला नव्हता. आम्ही 'सिरियस आहे' म्हणतो. 'कुणाकुणाला बोलवायचं ते बोलावून घ्या' म्हणतो. 'आता त्याच्या हातात' म्हणून वर बोट करतो. त्या क्षणी यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं, आणि दुसरं काही तोंडात येत नव्हतं. म्हणून मी फळ्यावरचं वाक्य वापरलं.

"गजराबाई, त्या दिवशी मी तुम्हाला काय सांगितलं होतं? तुमच्या शब्दांत मला सांगा बघू."

"शिस्टर, गाडी यायची येळ झालीया. परीक्षा कसली घेताय?"

"सांगा तर."

"बरं वाटंल म्हनलासा. वाटलं की. झोपतोय, ताक पितोय."

"तसं नाही. म्हणजे..." मी तिच्या गाठोड्याकडे बघितलं. "ते बरे होणार नाहीत, गजराबाई. ते मरणार आहेत."

शब्द मोठ्यानं बाहेर पडला. पलीकडे ट्रंकेवर बसलेल्या माणसानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गजराबाई हलली नाही.

"अवो, ते काय मला ठाव न्हाई?" ती म्हणाली. "मोठ्या दवाखान्यातनं भाईर काडला तवाच कळलं की मला. तुमी आज सांगाय आलासा व्हय!"

"मग नवस कसला फेडताय?"

"मी काय त्याला जगव म्हनले हुते?" तिनं गाठोड्याची गाठ घट्ट केली. "गेल्या म्हैन्यात मेंढराचं दावं गळ्याला बांदाय निगाला हुता, इतकं दुकत हुतं त्याला. हातातनं वडून घेतलं. त्या राती सिदोबाला बोलले, ह्याचं वरडणं थांबीव. तेवढंच कर. भरल्या कपाळानं, अनवाणी येऊन तुज्या जोगुबाईची वटी भरीन. थांबिवलं न्हवं त्येनं? मग फेडाय नको?"

मला लाज वाटली. सरळ सांगायचं तर तोंड लपवावंसं वाटलं. ही बाई अडाणी, हिला माझं बोलणं कळलं नाही, असं धरून मी स्टँडपर्यंत धावत आले होते. 'बरं वाटेल'चा नेमका अर्थ आमच्या सगळ्या वॉर्डात हिलाच कळला होता.

"पण मग आजच का?" मी विचारलं.

"भरल्या कपाळानं म्हनलेय न्हवं. त्यो गेल्यावर कुटलं आलंय भरलं कपाळ? रांडवंची वटी देवी घेत न्हाई. आजून पंदरा दिस हाईत, तवर जाऊन येऊ म्हनलं."

"पंधरा दिवस कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणीबी न्हाई," गजराबाई म्हणाली. "तुमीबी न्हाई. म्हणून माझं मीच धरलं."

हे मात्र खरं होतं. विचारलं असतं तर मी आणखी एकदा 'बरं वाटेल'च म्हटलं असतं.

"मग सांगा की आता," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "कवा?"

"उद्याचा दिवस निघाला तर पुष्कळ."

तिनं मान हलवली आणि गाठोड्याकडे बघत बसली. तेवढ्यात गाडी लागली. माणसं दाराकडे धावली. गजराबाईही उठली, गर्दीत घुसली. तिनं दांडीला हात घातला, एक पाय पायरीवर ठेवला. मी ओरडणार होते, पण काय म्हणून ओरडू? जाऊ नका म्हणण्याचा मला काय अधिकार होता? मागचा माणूस म्हणाला, "आक्का, चढा तरी, न्हाईतर सरा तरी!" ती सरली. खाली उतरून पुन्हा माझ्यापुढे आली.

"मला त्याच्याजवळ बसाय पायजे," ती म्हणाली. "आन् ह्येबी व्हाय पायजे. शिस्टर, तुमचं मालक हाईत न्हवं?"

"आहेत. दिवसभर कॅरम खेळतात."

"मग तुमी सवाष्ण. तुमी जावा."

"मी?" मला हसावं की रडावं कळेना. "गजराबाई, आम्ही ख्रिस्ती. माझे वडील पाळक होते. आमच्यात कुंकूसुद्धा लावत नाहीत."

"जोगुबाई काय दाखला मागतीया?" तिनं गाठोड्यातून करंडा काढला आणि मी मागे सरायच्या आत अंगठ्यानं माझ्या कपाळाला कुंकू टेकवलं. "आता लावलं. माज्या नावानं भरा. गजरा सोपान मासाळ. मालक जिता हाय म्हणून सांगा. तेवढं सांगायचं इसरू नगासा."

"हे असले नियम केलेत कुणी?" मी चिडून म्हणाले. "विधवेनं ओटी भरली तर काय होतं?"

"केलं आसतील कुणीतरी. ते आता भांडत बसू का?"

कंडक्टरनं घंटी मारली. गाठोडं माझ्या काखेत आलं होतं. मी दाराशी गेले तर तिनं मागून हात पुढे केला. "चपला."

"काय?"

"अनवाणी म्हनलेय."

मी चपला काढून दिल्या. गाडी हलली तेव्हा गजराबाई माझ्या चपला हातात घेऊन भराभरा आमच्या शुश्रूषागृहाच्या दिशेनं चालली होती. स्कूटी स्टँडवरच राहिली. दुपारच्या वर्गात त्या वेळी सही फिरत असणार.

गाडीत बसल्यावर माझं डोकं ठिकाणावर आलं. म्हटलं, वत्सला रणपिसे, हे काय चालवलंयस तू? बाप वर्षानुवर्षं चर्चमध्ये उपदेश करत होता, आणि तू कपाळाला कुंकू लावून सिदोबाला चाललीस! पण उतरून जावं असं एकदाही मनात आलं नाही. मागं राहिलेल्या त्या कॉटकडे लक्ष होतं. सोपानला उद्या दुपारपर्यंत वेळ आहे, असा माझा अंदाज होता, आणि माझे अंदाज सहसा चुकत नसत.

साडेतीनला गाडीनं फाट्यावर सोडलं. तिथून डोंगराचा पायथा चार मैल आणि पुढं पायऱ्या. सगळा मुरूम आणि बाभळी. पहिल्या अर्ध्या तासात दोन काटे मोडले. दवाखान्याच्या फरशीवर आयुष्य काढलेले पाय ते, त्यांना खड्याचीही सवय नव्हती. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी विचारलं, "नवस का, बाई?" मी "हो" म्हणत पुढं गेले. एका म्हातारीनं तर मला वाटेतच नमस्कार केला. म्हटलं, आता एवढंच राहिलं होतं!

पायऱ्या अर्ध्या चढले तेव्हा सहा वाजत आले होते. दम लागला म्हणून बसले. तिथं मोबाईलला रेंज आली, तर वॉर्डात फोन लावला. शेवंतानं उचलला.

"शेवंता, मासाळ कसे आहेत?"

"गेला की ओ, शिस्टर. पाच वाजून वीस मिंटांनी."

मी घड्याळात पाहिलं.

"गजराबाई उशाला हुती," शेवंता सांगत होती. "मधी एकदा डोळं उघडलं त्यानं. ती म्हनली, मी हाय. मग हात धरला आन् तसाच गेला. वरडला न्हाई बगा. हूं का चूं न्हाई. तुमी कुटं हायसा? ती इचारतीया, वटी भरून झाली का म्हणून. काय सांगू?"

"काही सांगू नकोस. उद्या येते मी."

फोन ठेवला आणि तिथंच बसून राहिले. ऊन डोंगरामागं गेलं होतं. वरच्या पायऱ्या मोजल्या नाहीत, पण तीनशेच्या वर असाव्यात. चाळीस मिनिटांपूर्वी गजराबाईचं कपाळ रिकामं झालं होतं आणि माझ्या काखेत तिचा खण-नारळ होता. परत फिरावं तर कुठं फिरावं? मी उठले आणि चढायला लागले. तेव्हा मात्र डोळ्यांतून पाणी आलं. पेशंटसाठी मी रडत नसे, आमच्या कामात ते बरं दिसत नाही. पण डोंगरावर मला कोण बघत होतं?

देवळात पोचले तेव्हा दिवे लागले होते. पावणेसात. म्हातारा गुरव आरतीच्या तयारीत होता. तो गाठोडं बघूनच समजला आणि मला जोगुबाईपुढं बसवलं.

"कुणाचा नवस?"

"गजरा सोपान मासाळ."

"मागणं काय हुतं?"

"नवऱ्याचं ओरडणं थांबावं."

त्यानं जरा मान तिरकी करून पाहिलं, पण लगेच पुढचं विचारलं. "थांबलं?"

"थांबलं."

"मालक हाय न्हवं तिचा? इचारावं लागतं, बाई. सवाष्णीचीच वटी घेतो आमी."

मोबाईल अजून माझ्या डाव्या हातात होता. आमच्या घरी लहानपणी खोटं बोललं की हातावर छडी बसायची, आणि बाबा छडी मारून झाल्यावर स्वतःच रडायचे. सकाळी तीस नर्सपुढं माझं 'बरं वाटेल' उघडं पडलं होतं. दुपारी भर स्टँडवर मी पहिल्यांदा धड खरं बोलले होते. आणि आता संध्याकाळी मी दुसऱ्यांच्या देवीपुढं बसून सांगितलं, "मालक जिता आहे."

गुरवानं ताट पुढं केलं. मी खण ठेवला, बांगड्या ठेवल्या, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. हात इंजेक्शन देताना चालतात तसे चालत होते.

रात्री गुरवाच्या सुनेनं काटे काढून दिले. सकाळी पहिल्या गाडीनं निघाले आणि स्टँडवरची स्कूटी घेऊन नऊच्या आधी शुश्रूषागृहाच्या फाटकात पोचले. आवारात जीप उभी होती. मुली, जावई, भावकी, सगळी रात्रीतून आली होती. सोपानला पांढऱ्या चादरीत गुंडाळून जीपमध्ये ठेवलं होतं. गजराबाई पायरीवर बसली होती. कपाळ पुसलेलं, हात मोकळे. माझ्या चपला तिच्याशेजारी होत्या. तिनं आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"काटं मोडलं?"

"दोनच."

"घाला चपला आता." मी घातल्या. सुजलेल्या पायांना त्या लागत होत्या. तिनं जीपकडे एकदा बघितलं आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "वटी कवा भरली?"

गाडीत बसल्यापासून मी याचं उत्तर घोकत आले होते. "चारला," मी म्हणाले.

"ऊन हुतं?"

"होतं की. चांगलं कडक होतं."

"मालक जिता हाय म्हनलासा?"

"म्हटलं. तुम्ही सांगितलं तसंच म्हटलं."

गजराबाईनं दोन्ही हातांनी माझा हात धरला. तिचे हात राकट होते, आणि गार. मुलगी जीपमधून "आई, चल गं" म्हणून हाक मारत होती.

"दोनच्या गाडीनं निगालेलं माणूस वर दिवं लागल्यावरच पोचतं, शिस्टर," ती म्हणाली. "मी सात येळा गेलेय."

मी मान खाली घातली.

"पर कुणी इचारलं तर चारलाच भरली म्हनायचं," गजराबाई म्हणाली. "मीबी चारलाच सांगीन."

तिनं माझा हात सोडला, जीपमध्ये चढली आणि त्याच्या पायथ्याशी जाऊन बसली. चादरीवरूनच तिनं त्याची टाच हातात घेतली.